आधी निदान, मग फॉरमॅट

लॅपटॉप सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. आदल्या रात्री विंडोजच्या शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवण्याचा, नाहीतर बसवलेले काढून टाकण्याचा प्रयत्न झालेला असतो. सकाळी महाविद्यालयात प्रोजेक्ट जमा करायचा असतो. मग लॅपटॉप पिशवीत घालून जवळचे दुरुस्तीचे दुकान गाठले जाते. दुकानदार पडद्याकडे पाच सेकंद बघतो आणि सांगतो, 'विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही.' विद्यार्थी मान डोलावतो. संध्याकाळी लॅपटॉप सुरू झालेला असतो आणि तीन वर्षांचे फोटो, टिपणे आणि तो प्रोजेक्ट गेलेला असतो.

खेदाची गोष्ट अशी, की दुकानात पाऊल ठेवेपर्यंत त्या डिस्कवरची एकही फाइल बहुधा हरवलेली नसते. ती हरवते फॉरमॅट केल्यावर. ताप आलेल्या रोग्याचे रक्त न तपासता त्याला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणारा डॉक्टर कुणी खपवून घेणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके हेच रोज घडते आणि त्याला दुरुस्ती म्हटले जाते. दुसरी कार्यप्रणाली बसवल्यावर बंद पडलेल्या संगणकावर फॉरमॅट हा शेवटचा उपाय असायला हवा. तो पहिला उपाय झाला आहे, याचे कारण संगणक सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत काय घडते, हे त्याच्या मालकाला कुणी कधी सांगितलेलेच नसते.

हा विषय आताच का?

एके काळी संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवणे हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आणि हौशी लोकांचा उद्योग होता. आता तसे राहिलेले नाही. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-अपडेटची आणखी एका वर्षाची सोय ठेवली गेली, पण ती मुदतवाढ आहे, कायमचा उपाय नाही. विंडोज ११ साठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे ढोबळमानाने २०१८ पूर्वीचे, पण अजून ठणठणीत चालणारे असंख्य संगणक या अटीत बसत नाहीत. कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात.

चांगला चालणारा लॅपटॉप फेकणे आपल्याकडच्या घरांना परवडत नाही आणि पटतही नाही. मग कुणीतरी सुचवते, लिनक्स टाक. सल्ला चांगलाच असतो. पण विंडोज पूर्ण सोडण्याची हिंमत होत नाही. टॅलीच्या जुन्या नोंदी विंडोजवर असतात, एखादे सरकारी संकेतस्थळ आणि त्याची डिजिटल सही तिथेच चालते. म्हणून दोन्ही ठेवायचे ठरते. इथून पुढे चूक होण्याच्या जागा सुरू होतात.

पहिले काही सेकंद

बटण दाबल्यावर संगणकाला विंडोज म्हणजे काय किंवा लिनक्स म्हणजे काय, हे ठाऊक नसते. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का हे तपासतो आणि मग 'पुढचे काम कुणाकडे सोपवायचे?' या प्रश्नाचे उत्तर शोधतो. ते उत्तर म्हणजे बूटलोडर. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा मेमरीत आणतो आणि बाजूला होतो.

१९८१ सालच्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या 'बायोस' पद्धतीत ही सगळी व्यवस्था डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटवर अवलंबून असे. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कवरच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले दोन बाइट खुणेसाठी. या ४४६ बाइटांत एकाच बूटलोडरला जागा होती. जो शेवटी बसेल तो आधीच्याला पुसून टाकी. म्हणून 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम जन्माला आला. लिनक्सचा 'ग्रब' हा बूटलोडर शेजारच्या विंडोजलाही यादीत घेतो, विंडोजचा बूटलोडर आपणहून तसे करत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांवर 'यूईएफआय' ही नवी पद्धत आहे. तिच्यात डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग असतो. विंडोज तो बसवताना बहुधा १०० एमबीचा करते. त्या विभागात प्रत्येक कार्यप्रणालीचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. कोणाला आधी बोलवायचे, याची यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते. म्हणजे आता कुणी कुणाला पुसण्याची गरज राहिलेली नाही. विभागांच्या तक्त्याची दुसरी प्रतही डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ही पद्धत आधीच्यापेक्षा कितीतरी दणकट आहे.

हे सगळे शेतीच्या भाषेत सांगायचे तर बूटलोडर आणि विभागांचा तक्ता म्हणजे सातबारा आणि गाव नकाशा. उताऱ्यावर नाव चुकले किंवा उतारा गहाळ झाला म्हणून शेत वाहून जात नाही, त्यातले पीकही जळत नाही. कागद दुरुस्त करावा लागतो. फॉरमॅट म्हणजे कागद सापडत नाही म्हणून शेतावर नांगर फिरवणे.

एकच लक्षण, अनेक कारणे

'संगणक सुरू होत नाही' हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्याच्या मागे पाच-सहा वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

सर्वांत साधे कारण म्हणजे यादीतला क्रम. लिनक्स नीट बसलेले असते, पण संगणक थेट विंडोजमध्येच जातो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा काही उत्पादकांच्या फर्मवेअरमुळे यादीत विंडोज पुन्हा वर येते. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम बदलला की काम झाले. याच्या उलट, ग्रबच्या यादीत विंडोज दिसतच नाही, तेव्हाही विंडोज गेलेले नसते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या कार्यप्रणाली आपोआप शोधण्याची सोय सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेली आहे. काही लिनक्स प्रणाली ती पुन्हा चालू करून देतात, काही देत नाहीत. एका ओळीचा बदल करून यादी नव्याने तयार केली की विंडोज परत दिसते.

'ग्रब रेस्क्यू' हा प्रकार बहुधा उलट्या प्रवासात होतो. लिनक्स नको झाले म्हणून विंडोजमधूनच त्याचा विभाग पुसला जातो. पण ग्रबचा एक छोटा तुकडा अजून सुरुवातीच्या जागी असतो आणि त्याला लागणारे बाकीचे सामान त्या पुसलेल्या विभागात होते. तो बिचारा दारात उभा राहून घर शोधत बसतो. विंडोज तिथेच, सुखरूप असते. यूईएफआय संगणकावर बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडले तरी अनेकदा ते सुरू होते. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या भागात जाऊन 'बीसीडीबूट' ही आज्ञा चालवावी लागते. ती बूटच्या फाइल नव्याने लिहिते, वैयक्तिक फाइलींना हात लावत नाही.

तिसरे कारण दोन पद्धतींच्या मिसळीचे. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असते आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला जातो. दोन्ही प्रणाली बसतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. एक सुरू होईल तर दुसरी नाही. दोन वेगवेगळ्या भाषांतले दोन कारकून एकच रजिस्टर लिहीत बसल्यासारखा हा घोळ असतो. त्यावरचा उपाय म्हणजे लिनक्सचा बूटलोडर योग्य पद्धतीने पुन्हा बसवणे. 'बूट-रिपेअर' नावाचे मोफत साधन हे काम बऱ्यापैकी आपोआप करते.

चौथ्या कारणाने भल्याभल्यांना फसवले आहे. लिनक्सच्या इन्स्टॉलरला कधीकधी डिस्क दिसतच नाही, कारण लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये साठवणीची पद्धत इंटेलच्या 'आरएसटी' किंवा 'रेड'वर ठेवलेली असते. कुणीतरी सांगते, ती 'एएचसीआय' कर. केल्यावर डिस्क दिसते, लिनक्स बसते आणि विंडोज मात्र निळा पडदा दाखवून बंद पडते. बूटची डिस्क सापडत नाही, अशी त्याची तक्रार असते. ही डिस्क ना बिघडलेली असते, ना पुसलेली. तिच्याशी कुठल्या पद्धतीने बोलायचे तेवढे बदललेले असते. सेटिंग पूर्ववत केले की विंडोज लगेच उठते. त्यानंतर विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून बदल केला, तर पुढे दोन्ही प्रणाली एएचसीआयवर नांदतात. या निळ्या पडद्यावर फॉरमॅट मारणे म्हणजे निव्वळ अज्ञान.

खरी धास्ती कशाची?

पाचवे कारण मात्र गंभीर आहे, आणि या सर्वांत कमी माहीत असलेलेही तेच. आजकालच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते. 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने ही सोय चालते. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने विंडोज बसवले की हे कुलूप बऱ्याच संगणकांवर आपोआप लागते. त्याची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते. सुरुवातीच्या पायऱ्या नेहमीसारख्या असतील तरच चिप ती देते. सिक्युअर बूट बंद केले, फर्मवेअरमध्ये ढवळाढवळ केली किंवा विंडोज ग्रबमार्फत सुरू केले, तर चिपला संशय येऊ शकतो. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

ही सुरक्षा मुळात चांगली आहे. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला किंवा चोरीला गेला, तर चोराला आतले काही वाचता येत नाही. पण ज्याच्याकडे ती की नाही, त्या मालकाची आणि चोराची अवस्था त्या क्षणी सारखीच होते. की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. प्रश्न असतो, कुणाच्या खात्यात? लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून देताना दुकानातल्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकला असेल, मोठ्या भावाचे खाते वापरले असेल किंवा महाविद्यालयाने दिलेले, आता बंद झालेले खाते असेल, तर की तिकडे गेलेली असू शकते. ती सापडली नाही, तर आतल्या फाइली कोणताही तंत्रज्ञ काढून देऊ शकत नाही. दुसऱ्या कार्यप्रणालीच्या खटाटोपात डेटा खरोखर जाण्याच्या मोजक्या वाटांपैकी ही एक आहे.

दुसरी वाट इन्स्टॉलरच्या एका पडद्यावर असते. 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' हे दोन पर्याय तिथे एकाखाली एक येतात आणि घाईत चुकीच्या गोलावर टिचकी पडते. तिसरी वाट फॉरमॅटची. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर फॉरमॅटनंतरही बरेच काही परत मिळण्याची आशा असे. आताच्या एसएसडीवर ती फार कमी आहे. मोकळ्या झालेल्या जागेची सूचना डिस्कला लगेच दिली जाते आणि ती जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते. म्हणजे 'आधी फॉरमॅट, मग रिकव्हरी बघू' हा पूर्वी कसाबसा चालणारा हिशेब आता चालत नाही.

किल्ली कुणाच्या हातात?

सहाव्या कारणात वापरकर्त्याची काहीच चूक नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून नव्या संगणकांवर 'सिक्युअर बूट' आले. ज्या बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही आहे, त्यालाच फर्मवेअर आत सोडते. सुरुवातीलाच घुसून बसणाऱ्या घातक प्रोग्रामांना रोखण्यासाठी ही व्यवस्था आहे आणि तिची गरज खरी आहे. पण व्यवहारात जवळजवळ प्रत्येक पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या सहीवर विश्वास ठेवलेला असतो. म्हणून लिनक्सच्या प्रमुख प्रणालींनी 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. आधी शिम सुरू होतो, तो पुढे ग्रबला सुरू करतो.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने या व्यवस्थेची दुखरी जागा दाखवली. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या सुरक्षा-दोषामुळे त्यांना रोखण्याचा नियम या अपडेटने फर्मवेअरमध्ये लिहिला. ज्या संगणकांवर शेजारी लिनक्स आहे तिथे तो लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. पण सगळ्याच ठिकाणी लिनक्स ओळखता आले नाही. जगभर अनेकांचे उबुंटू, डेबियन, मिंट सुरू होईना. पडद्यावर 'काहीतरी गंभीर बिघडले आहे' अशा अर्थाचा संदेश येऊन संगणक बंद होई. विंडोज व्यवस्थित चालू होते. कंपनीने त्याच महिन्यात चूक मान्य केली आणि तात्पुरता उपाय दिला. सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करायचे, लिनक्समध्ये जाऊन तो नियम काढायचा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. तोवर कितीतरी लोकांनी चांगले चालणारे लिनक्स पुसून नव्याने बसवले असेल.

असे प्रसंग पुढेही येतील. २०११ साली तयार झालेली सिक्युअर बूटची मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होत आहेत आणि त्यांची जागा २०२३ ची नवी प्रमाणपत्रे घेत आहेत. मुदत संपली म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण ज्या जुन्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये नवी प्रमाणपत्रे पोहोचली नाहीत, तो पुढे नव्या सहीचे बूटलोडर ओळखणार नाही. म्हणजे चार-सहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर नवे लिनक्स बसवणाऱ्याला एखाद्या दिवशी 'सही अमान्य' असे उत्तर मिळेल आणि दोष त्याचा नसेल. त्या दिवशी दुकानात काय सांगितले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुकानदाराचीही बाजू

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणे बरोबर नाही. फॉरमॅट करून विंडोज बसवण्याचे काम तास-दीड तासात होते. त्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि निकाल खात्रीचा असतो. निदानाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि 'फक्त बघितलंत, त्याचे पैसे कसले?' असे म्हणणारे गिऱ्हाईकही काही कमी नाहीत. डॉक्टरांच्या तपासणीची फी निमूट देणारा माणूस संगणक तपासण्याचे पैसे द्यायला तयार नसतो. निदानाला किंमत नसेल, तर निदान कोण करील?

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाने या भानगडीत पडावेच कशाला? त्यात तथ्य आहे. ज्याला लिनक्स नुसते शिकायचे आहे, त्याला डिस्कचे विभाग पाडण्याची गरज नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवून बघता येते. विंडोजमध्येच 'डब्ल्यूएसएल' किंवा व्हर्च्युअल मशिनच्या आत ते चालते. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजची खरेच गरज उरलेली नाही, तिथे एकटे लिनक्स बसवणे सर्वांत सोपे. दोन्ही हवीच असतील आणि संगणकात जागा असेल, तर दुसरी एसएसडी घालून तिच्यावर दुसरी प्रणाली बसवणे एकाच डिस्कवर दोघांना कोंबण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. तरीही काहींना एकाच डिस्कवर दोन्ही लागतील. त्यांना 'तुमचं काम नाही' असे सांगून वाटेला लावणे हा मार्ग नाही.

प्रथमोपचाराचा क्रम

संगणक सुरू होत नसेल, तर पहिली गोष्ट म्हणजे काहीही पुसायचे नाही आणि नव्याने काही बसवायचे नाही. पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण निदानाची निम्मी सामग्री त्यातच असते. लावलेले पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून पुन्हा प्रयत्न करावा. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तसाच राहिल्यामुळे 'बंद पडलेले' संगणकही कमी नसतात. मग बूट मेनू उघडावा. डेल आणि लेनोवोच्या अनेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप ही कळ त्यासाठी असते. तिथे दोन्ही प्रणालींची नावे दिसली, तर दुखणे किरकोळ आहे.

नावे दिसली नाहीत, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करावा, त्यावरून काहीही न बसवता संगणक सुरू करावा आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे झाले, की पुढची दुरुस्ती फसली तरी नुकसान वेळेचेच होते. डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की लागेल, म्हणून ती आधी शोधावी. आणि डिस्क खटखट आवाज करत असेल किंवा फर्मवेअरलाच दिसत नसेल, तर तो वेगळा आजार आहे. तिथे स्वतःचे प्रयोग थांबवून जाणकाराकडे जावे.

ज्यांना अजून बसवायचे आहे, त्यांचे पथ्य याहून सोपे आहे. फाइलींची एक प्रत दुसरीकडे असावी. ४८ अंकी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी, त्याच लॅपटॉपवर नव्हे. बिटलॉकर बदलापुरते स्थगित करावे. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि लिनक्सला त्याचा विभाग नीट उघडता येत नाही. जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच साधनाने. आणि सगळे सुरळीत झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर बॅटरी बदलायला धावू नये. लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळ समजते. एका सेटिंगने हा वाद मिटतो.

शिकवणार कोण?

यातले काहीच इतके अवघड नाही, की बारावी झालेल्या मुलाला समजू नये. तरी ते शिकवले जात नाही. संगणक-शिक्षण म्हणजे वर्ड, एक्सेल आणि टायपिंग, नाहीतर एकदम कोडिंग, अशी आपल्याकडची दोन टोके आहेत. मधला भाग, म्हणजे हातातले यंत्र उभे कसे राहते आणि पडले तर उठवायचे कसे, हा कुठल्याच अभ्यासक्रमाला आपला वाटत नाही. केरळने सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर चालवून दाखवले आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. सामग्री आहे, ती वर्गात आणायची आहे. वर्षातून एक दिवस प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये जुना संगणक मुद्दाम बंद पाडून मुलांकडून सुरू करून घेतला, तरी पुरे.

उत्पादकांनाही काही विचारायला हवे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क म्हणजे सुटे भाग मिळण्याचा हक्क, इतकाच अर्थ घेतला तर तो अपुरा आहे. बूट मेनूची कळ कोणती, साठवणीची पद्धत कोणती ठेवली आहे, डिस्क कुलूपबंद आहे का आणि तिची किल्ली कोणत्या खात्यात गेली, एवढी माहिती खोक्यातल्या एका कागदावर, मराठीसह भारतीय भाषांत छापून द्यायला कितीसा खर्च येतो? कुलूप आपोआप लावणाऱ्याने किल्ली कुठे ठेवली हे सांगितलेच पाहिजे. फर्मवेअरची नवी प्रमाणपत्रे जुन्या संगणकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही त्यांचीच.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात एक गोष्ट आहे. दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवताना 'डेटाची गॅरंटी नाही' हे ऐकून मान डोलावण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. डिस्क दिसते आहे का? फाइली आधी काढून द्याल का? बूट दुरुस्त करून पाहिले का? आणि तिन्हींची नीट उत्तरे देणाऱ्याला त्याच्या तपासणीचे पैसे कुरकुर न करता द्यावेत. तीन वर्षांच्या फोटोंच्या मानाने ती फी फारच थोडी असते.